कराटेची बॅग कशी भरावी: नवशिक्या पालकांसाठी

हे मार्गदर्शन खेळाडूसाठी नाही. दहा वर्षांच्या खेळाडूला सगळे ठाऊक असते. शिनगार्ड कुठे ठेवले एवढेच आठवत नसते. ज्या पालकांना गुरुवारी रात्री, ताटावर बसल्यावर, ‘रविवारी स्पर्धा आहे, सरांनी सगळं सामान आणायला सांगितलंय’ एवढेच कळते आणि ‘सगळं म्हणजे काय काय?’ या प्रश्नावर ‘सगळं म्हणजे सगळं’ असे उत्तर मिळते, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

आरंभी आपले मूल नक्की काय शिकते याची खात्री करून घ्यावी. घरातली वडीलधारी मंडळी ‘ज्युदो-कराटे’ हा एकच खेळ समजतात, आणि काही दुकानदारही त्याच समजुतीवर माल विकतात. तायक्वांदो असेल तर गोष्ट वेगळी: मोठ्या स्पर्धांत तिथे छातीवरच्या गार्डमध्ये आणि मोज्यांत सेन्सर असतात, लाथ बसली की गुण यंत्र नोंदवते. मातीतली कुस्ती असेल तर एका लंगोटावर भागते. त्या पालकांनी पुढचे सारे निव्वळ करमणूक म्हणून वाचावे. कराटे असेल तर मात्र पाकीट जवळ घेऊन बसा.

ड्रेस, म्हणजे गी

कराटेचा ड्रेस उंचीवर मिळतो. १२०, १३०, १४० असे दहा-दहा सेंटिमीटरने वाढणारे आकडे कॉलरच्या आत छापलेले असतात. मुलाची उंची १३४ सेंटिमीटर आहे. कोणता नंबर घ्यावा? जपानी माणूस १३० किंवा १४० म्हणेल. मराठी माणूस १६० म्हणतो. ‘वाढत्या अंगाचा घ्या’ हे आपल्याकडचे मूळ तत्त्व आहे. शाळेचा गणवेश, रेनकोट, बूट, मामाच्या लग्नातली शेरवानी या सगळ्यांची खरेदी त्यावरच झालेली असते. पहिल्या वर्षी ढगळ, दुसऱ्या वर्षी ठीक, तिसऱ्या वर्षी आखूड, आणि चौथ्या वर्षी मावसभावाला.

दुर्दैवाने जागतिक कराटे महासंघाच्या नियमपुस्तिकेला हे तत्त्व माहीत नाही. तिच्यात लिहिले आहे की बाही मनगटाच्या सांध्यापलीकडे जाता कामा नये, आणि कोपर ते मनगट या भागाच्या मध्यापेक्षा आखूडही असता कामा नये. पँटने नडगीचा किमान दोन तृतीयांश भाग झाकला पाहिजे, पण ती घोट्याच्या हाडाखाली उतरता कामा नये. वरचा अंगरखा कमरेला आवळल्यावर कुल्ले झाकले गेले पाहिजेत, मांडीच्या तीन चतुर्थांशाच्या खाली मात्र तो जाऊ नये. आणि हे सगळे वाचून ‘मग दुमडू की!’ असा विचार मनात येतो न येतो तोच पुढचे वाक्य: बाह्या आणि पँट दुमडलेल्या चालणार नाहीत.

इथे बरेच पालक हात टेकतात. टेकू नका. दुमडलेली बाही आणि आत मुडपून शिवलेली बाही यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक आजीच्या सुईत आहे. कडा आत घेऊन पांढऱ्या दोऱ्याने बारीक टाके घालायचे. उंची वाढली की एक टीप उसवायची. तीन वर्षे वापरलेल्या गीच्या पँटवर जुन्या मुडपीच्या राखाडी रेषा एकाखाली एक दिसतात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या, आणि पोराने कोणत्या वर्षी किती उंची घेतली ते त्यावरून सांगता येते.

‘धुतल्यावर आटतो, एक नंबर मोठा घ्या,’ असे दुकानदार सांगतो. सुती कापडाबाबत तो खरे बोलतो, पॉलिस्टरबाबत नाही, आणि सांगताना हा भेद करत नाही. म्हणून सुती गी आणल्याबरोबर रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून मगच टाके घालावेत. आधी टाके आणि मग धुलाई, असा क्रम ज्यांनी लावला त्यांच्या मुलांना स्पर्धेत हात आखडता घ्यावा लागतो.

आता काता आणि कुमिते हा प्रश्न. काता म्हणजे समोर कोणी नसताना ठरलेल्या क्रमाने करायचे वार. कुमिते म्हणजे समोर कोणीतरी असताना. काताचा गी जाड सुती, १२ ते १४ औंसांच्या कापडाचा. ठोसा झटकला की बाहीतून ‘फाट्’ असा आवाज निघतो. कुमितेचा हलका, त्यात वारा खेळतो. दोन्ही घेण्याची ऐपत आणि इच्छा नसेल तर मधल्या वजनाचा एकच घ्यावा. त्या आवाजाच्या मोहाने साध्या गीला तांदळाच्या पेजेची कडक खळ घालणारे पालक आहेत. पहिल्या फेरीपर्यंत आवाज उत्तम येतो. मग घाम सुटतो, आणि खळीची पुन्हा पेज होते. हाताने गीवर थाप मारून आवाज काढण्याचा सल्ला मुलाला देऊ नये. काताच्या नियमांत तो दोष धरला जातो आणि मुले हा सल्ला आपल्याला कोणी दिला ते पंचांना सांगून टाकतात.

जपानहून मागवलेला महागडा गी ‘ऑलिम्पिकची तयारी’ म्हणून घ्यायचा बेत असेल तर थोडे थांबा. कराटे ऑलिम्पिकमध्ये एकदाच खेळले गेले, २०२१ साली टोकियोत. २०२४ च्या पॅरिसमध्ये ते नव्हते. सध्या तालुक्यापुरता गी पुरे.

पोहे

सामानाच्या यादीत पोहे नसतात, पण गीचा सर्वात मोठा शत्रू तेच. सकाळी सहाला निघायचे, म्हणून डबा गाडीत उघडला जातो. सिग्नलला ब्रेक लागतो आणि पोह्यांतली हळद-तेलाची फोडणी छातीवर येते. पालक हॉलच्या बेसिनवर धावतात, साबण लावतात, आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक होतो. हळद अल्कलीत लाल होते. हळदीचा दर्शक म्हणून शाळेत हाच प्रयोग करून दाखवतात, फक्त तेव्हा त्याचे गुण मिळतात. पिवळा असताना निदान तो पोह्यांचा डाग वाटत होता. आता तो रक्ताचा वाटतो, आणि मॅटवर पाय ठेवताच पंच मुलाचे नाक तपासायला घेतात.

तेव्हा: गी अंगात घालून घर सोडू नये. जुना टी-शर्ट घालावा, गी घडी करून पिशवीत न्यावा, खाणे उरकल्यावर चढवावा. तरीही डाग पडलाच तर हॉलवर साबणाला हात लावू नये, टिपून घ्यावा. घरी आल्यावर धुऊन कडक उन्हात टाकावा. हळदीचा रंग उन्हात उडतो. खरेखुरे रक्त असेल तर गार पाणी, आणि तेही लगेच. गरम पाण्याने ते कापडात कायमचे बसते. हे दोन डाग आणि त्यांची दोन औषधे ज्याला पाठ आहेत, त्याच्यापुढे क्लासमधल्या इतर आयांनी मान लवावी असा प्रघात आहे.

पट्टा

ज्या ब्राउन बेल्टसाठी तुम्ही सोसायटीत पेढे वाटले, तो घरी ठेवा. महासंघाच्या नियमांनी चालणाऱ्या स्पर्धेत एकाने लाल आणि दुसऱ्याने निळा पट्टा बांधायचा असतो. कमावलेल्या रंगाला तिथे किंमत नाही. पट्टा साधारण पाच सेंटिमीटर रुंद, गाठीच्या दोन्ही बाजूंना किमान पंधरा सेंटिमीटर टोके सुटलेली, त्यावर नाव भरतकामाने काढलेले नाही. मुलाचे नाव मराठीत, इंग्रजीत आणि हौसेने जपानीत काढून घेतलेला पट्टा सत्कारासाठी राखून ठेवावा.

नवा पट्टा पुठ्ठ्यासारखा कडक आणि वर गुळगुळीत असतो. त्याची गाठ नमस्कार करेपर्यंत टिकते. कुमितेत तो सुटला तर पंच थांबवतात, मूल बांधते, प्रेक्षक हसतात, एवढ्यावर निभावते. कातात पट्टा पूर्ण सुटून खाली पडला तर मूल बाद. सगळे वार अचूक, नजर करारी, पाय पक्के, आणि वीस रुपये वाचवायला घेतलेल्या गुळगुळीत पट्ट्याने घरी पाठवले, असे होऊ शकते. म्हणून पट्टा निदान आठवडाभर आधी आणावा आणि टीव्ही बघताना मुलाला तो बांध-सोड, बांध-सोड करायला लावावे. पिळावा, चुरगाळावा, घरातल्या धाकट्याला ओढू द्यावा. लाल पट्टा पांढऱ्या गीबरोबर मशीनमध्ये टाकू नये हे सांगायची गरज नसावी, पण प्रत्येक क्लासमध्ये एक गुलाबी गी असतो.

लाल की निळा?

हा मूळ आर्थिक प्रश्न आहे. आका म्हणजे लाल आणि आओ म्हणजे निळा. आपले मूल कोणत्या बाजूला येणार ते ड्रॉ ठरवतो, आणि पहिल्या फेरीत लाल असलेले मूल दुसरीत निळे होऊ शकते. पट्टा, हातातले ग्लोव्हज आणि पायाचे गार्ड हे सगळे त्या त्या रंगाचे हवे. थोडक्यात, सगळे दोन-दोन घ्यायचे.

कोणीही दोन-दोन घेत नाही. घरोघरी एकच रंग असतो आणि तो बहुधा निळा असतो, कारण ‘मळखाऊ आहे’. मग दर लढतीआधी हॉलभर एकच आरोळी: ‘कुणाकडे रेड आहे का रेड, एम साइज?’ यावर आपल्याकडे भागीदारीची पद्धत निघाली आहे. एका घराने लाल घ्यायचे, शेजारच्या घराने निळे, आणि आळीपाळीने वापरायचे. वरवर पाहता यात धोका असा वाटतो की दोन्ही मुलांची गाठ एकमेकांशी पडली तर? उलट, ती सर्वात सोयीची लढत. एक लाल, एक निळा, दोघांचे सामान दोघांकडे, आयाही शेजारीशेजारी बसलेल्या. खरी पंचाईत दोन्ही मुले एकाच वेळी, दोन वेगळ्या मॅटवर, दोन्ही लाल निघतात तेव्हा होते. माइकवरून दोघांची नावे पुकारली जातात, आणि अडचण सोडवायला हाताशी जेमतेम मिनिटभर असते. या मिनिटात कित्येक वर्षांचा शेजार तुटल्याची उदाहरणे आहेत. पट्टे तरी दोन्ही रंगांचे घ्या; ते स्वस्त आहेत.

ग्लोव्हज, शिनगार्ड, पायाचे गार्ड, अंगातले बॉडी प्रोटेक्टर, मुलींसाठी चेस्ट गार्ड, लहान गटांसाठी चेहऱ्याचा मास्क किंवा हेडगार्ड: यातले नेमके काय सक्तीचे ते स्पर्धेच्या परिपत्रकात असते. परिपत्रक क्लासच्या ग्रुपवर येऊन गेलेले असते, ‘शुभ सकाळ’च्या दोन सूर्योदयांमध्ये. शोधा. घरातला क्रिकेटचा एल गार्ड चालेल का, असे बाबा विचारतात. चालणार नाही, घालायचाच तर मान्यताप्राप्तच हवा. ग्लोव्हज कडक उन्हात वाळवू नयेत, वरचे रेक्झिन तडकते. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवावेत. आणि प्रत्येक वस्तूवर, आतल्या बाजूला, मार्करने नाव घालावे. हा सल्ला कोणी पाळत नाही. त्याचे परिणाम पुढे येतील.

गमशील्ड

दुकानात मिळणारे साधे गमशील्ड गरम पाण्यात मऊ करून आपापल्या दातांवर बसवायचे असते. किती सेकंद, ते पाकिटावर छापलेले असते. पाकीट उघडताना नेमका तोच भाग फाटतो, म्हणून आधी वाचून घ्या. चहाचे पातेले वापरू नये, आल्याचा वास प्लास्टिकला लागतो आणि नंतरची प्रत्येक फाइट आल्याची लागते. पाणी उकळून गॅस बंद करावा, झाऱ्यावर गमशील्ड ठेवून पाण्यात सोडावे, सांगितल्या वेळी काढावे, क्षणभर गार पाण्यातून फिरवून मुलाच्या वरच्या दातांवर बसवावे. आता त्याने चावायचे, जिभेने आतून टाळूकडे दाबायचे, ओठ मिटून हवा ओढायची, आणि तुम्ही बाहेरून गालावर बोटे दाबायची.

याच क्षणी त्याला हसू येते. हसला की दातांचे दोन ठसे उमटतात आणि गमशील्ड कुठल्याच ठशात बसत नाही. म्हणून त्या वेळी स्वयंपाकघरात भावंड नसावे. तोंड उघडले तरी शील्ड वरच्या दातांना धरून राहिले, खाली पडले नाही, तर जमले. न जमल्यास पुन्हा गरम करता येते, पण दोन-तीनदा झाल्यावर त्याचे च्युइंगगम होते. दातांना तारा असतील तर हा उद्योग घरी करूच नये. मऊ प्लास्टिक तारांत अडकते. डेंटिस्टला विचारा, आणि तारा असल्याचे पंचांनाही आधी सांगा.

बसवून झाले की मुलाने ते घालून घरात वावरावे, गृहपाठ करावा, आजीशी बोलावे. आजीला एक अक्षर कळत नाही, पण तेवढ्यात श्वासाची सवय होते. पहिल्यांदा थेट मॅटवरच घातले तर उबळ येते. ठेवायला डबी हवी. रुमालात गुंडाळून ठेवले की कोणीतरी तो रुमाल झटकतोच.

काढायच्या गोष्टी

स्पर्धेच्या तयारीत घालायच्या वस्तूंइतक्याच काढायच्या वस्तू असतात. चष्मा चालत नाही. मऊ लेन्स चालतात, पण जोखीम आपली. कानातले, पैंजण, कडे, धातूच्या केसांच्या पिना, माळा, रिबिनी सगळे उतरवायचे. बारशाला कान टोचल्यापासून न निघालेली बाळी हॉलवर निघत नाही. तिला आदल्या दिवशी साबणाचे पाणी लावून बसावे. श्रावणातली स्पर्धा असेल तर राखी काढावी लागते, आणि बहिणीची समजूत काढणे ही पट्टा बांधण्याहून अवघड कला आहे. मनगटावरच्या काळ्या दोऱ्याबाबत आजीशी वाटाघाटी वेळेवर सुरू कराव्यात. करदोड्याचे नाव काढू नये. तो आत असतो.

नखे बारीक कापलेली हवीत. स्पर्धा रविवारी सकाळी आठला. शनिवारी नखे कापायची नाहीत. रात्री तर मुळीच नाहीत. म्हणजे गुरुवारी रात्री बातमी कळलेल्या घरात शुक्रवारी शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत एवढाच मुहूर्त उरतो, आणि त्या वेळी मूल कराटेच्या क्लासला गेलेले असते.

कागद

शालेय स्पर्धा असेल, १४, १७ की १९ वर्षांखालील, तर सर्वात महत्त्वाचे संरक्षक साधन म्हणजे प्लास्टिकची फाइल. त्यात जन्मदाखला, आधारकार्ड, प्रवेशअर्ज, मुख्याध्यापकांची सही, सहीवर शिक्का. शिक्का फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. बॉडी प्रोटेक्टर विसरला तर कोणीतरी देते. बोनाफाइड कोणी उसना देत नाही. दहावीच्या क्रीडागुणांवर डोळा असलेल्या पालकांनी प्रमाणपत्रावरचे नाव हॉलमध्येच अक्षर न् अक्षर तपासावे. आपले मूल कितवे आले ते नंतर पाहिले तरी चालते.

वजन होईपर्यंत मुलाला शिरा देऊ नये. झाल्यावर द्यावा, थोडाच, कारण कार्यक्रमपत्रिकेवर नऊ वाजता लिहिलेली लढत प्रमुख पाहुणे आल्यावर सुरू होते. सोबत राजगिऱ्याचे लाडू, पाणी, सतरंजी आणि चपला. हो, चपला. मॅटवर सगळे अनवाणी असले तरी मॅट ते स्वच्छतागृह हा रस्ता अनवाणी करायचा नाही. त्याच पायांनी तो पुढे कोणाच्या तरी तोंडाजवळ लाथ नेणार असतो.

परतल्यावर

घरी आल्यावर पदक आधी की आंघोळ आधी हे तुम्ही ठरवा, पण बॅग त्याच रात्री उघडा. सोमवारी उघडली तर वासाने शेजारी विचारपूस करायला येतात. गी भिजत टाका, वेल्क्रो मिटवून ठेवा, नाहीतर ते गीचे धागे ओढते. मग ग्लोव्हज मोजा. दोन असतील. नीट पाहिलेत तर दोन्ही डाव्या हाताचे असतील, एक तुमचा एम आणि एक कोणाचा तरी एल. नाव कशावरच नाही. फोटो काढून क्लासच्या ग्रुपवर टाका. पाच मिनिटांत ‘हो हो, दोन उजवे आमच्याकडे आहेत!’ असे उत्तर येईल. खाली फोटो असेल. ते दोन्ही निळे असतील.